मुख्य यंत्राने ओझे न उचलण्याबाबत

कोणतेही काम आपणहून सुरू होत नसते, हे सत्य सरकारी नोकरीत पहिल्या आठवड्यातच उमगते. काम सुरू करायला कोणीतरी सांगावे लागते. सांगणाऱ्याला त्याच्या वरच्याने सांगितलेले असावे लागते. आणि सगळ्यात वरच्याला सांगणारा कोणी नसल्यामुळे तो बहुधा दौऱ्यावर असतो. या व्यवस्थेवर देश पन्नासहून अधिक वर्षे उत्तम चालला आहे, आणि जिथे चाललेला नाही तिथे चौकशी चालू आहे.

अखिल भारतीय धुके पूर्वानुमान संस्था ही याच व्यवस्थेची लेक. कस्तुरबा गांधी मार्गामागच्या बराकीत होती तोवर तिची पद्धत साधी होती. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत रोज संध्याकाळी ड्यूटीवरचा सहायक लिहीत असे, ‘उद्या सकाळी धुके पडण्याची शक्यता आहे, न पडल्यास दृश्यमानता चांगली राहील.’ हा अंदाज एकदाही चुकला नाही. (प्रगत राष्ट्रांना ही अचूकता अजून साधलेली नाही. त्यांना एका वाक्यात एकच गोष्ट सांगण्याची वाईट सवय आहे.)

मग उदारीकरण आले. दिल्लीतल्या प्रत्येक जुन्या गोष्टीला गुडगावात काचेची इमारत मिळू लागली, तशी धुके संस्थेलाही मिळाली. डावीकडे मॉल, उजवीकडे कॉल सेंटर, समोर म्हशी. आता काचेच्या इमारतीत बसून सहायकाने बॉलपेनाने अंदाज लिहायचा, हे काही शोभेना. शतक बदलून तीन-चार वर्षे झाली होती आणि ज्या संस्थेकडे मोठा संगणक नाही तिच्याकडे लोक फ्रीज नसलेल्या घराकडे पाहावे तसे पाहू लागले होते. म्हणून एक संगणक-समूह मागवण्यात आला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातले बाकी काही खरेदी समितीला कळले नाही, पण ‘श्रेणीबद्ध रचना’ हे दोन शब्द वाचल्यावर सगळ्या सदस्यांना आपल्या घरी आल्यासारखे वाटले आणि खरेदी एकमताने मंजूर झाली.

हा समूह चालवायला दत्तात्रय सबनीस होता. मूळचा पुण्याचा, वैज्ञानिक दर्जाचा, दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणारा. चार वर्षे बायको वृंदा आणि मुलगी तनया त्याच्यासोबत होत्या. मग वृंदाला पुण्यातल्या कॉलेजात नोकरी लागली आणि दोघी पुढे गेल्या, कारण दत्तात्रयाचीही पुण्याच्या विभागीय कार्यालयात बदली ठरल्यातच जमा होती. आदेशात एकच अट होती: ‘संगणक-समूह कार्यान्वित झाल्यानंतर श्री. सबनीस यांना पुण्यासाठी कार्यमुक्त करण्यात येईल.’ समूह सुरू झाला की संसार सुरू, एवढे सरळ होते. दत्तात्रय गाद्या बांधून बसला आणि एका कुकरवर दिवस काढू लागला.

दिल्लीत असताना तनया ‘बाबा, मी गिर गई’ असे म्हणायची आणि दत्तात्रय तिला सुधारायचा. पुण्याला गेल्यावर सहा महिन्यांत तिचे मराठी लख्ख झाले, आणि दिवसभर हिंदीत बोलून बोलून याचेच बिघडले. एकदा फोनवर तो म्हणाला, “अगं, नाश्ता नाही केला, टाइमच नाही मिळाला.” ती म्हणाली, “बाबा, ‘वेळच मिळाला नाही’ असं म्हणायचं.” त्याने तसे म्हटले. फोन ठेवल्यावर त्याला फार वाईट वाटले, आणि पोरीची आठवण येऊन आणखी वाईट वाटले.

आता या समूहाविषयी थोडे. घाबरण्याचे कारण नाही; कार्यालयात काम केलेल्या कोणालाही हे सहज समजेल. सगळ्यात वर एक मुख्य यंत्र. त्याच्या हाताखाली आठ मध्यम यंत्रे. प्रत्येक मध्यम यंत्राच्या हाताखाली आठ कनिष्ठ यंत्रे, आणि प्रत्यक्ष आकडेमोड करणारी तीच. कनिष्ठ आणि मध्यम यंत्रांपाशी स्वतःची डिस्क नसते. वीज आली की अशा यंत्राला आपले नावसुद्धा माहीत नसते. मग ते नेटवर्कवर हाक मारते: मी कोण? मी काय करू? त्यावर लगतचे वरिष्ठ यंत्र त्याला नाव देते, काम देते आणि कामाला लागणारी सगळी सामग्री पाठवते. याला नेटवर्कवरून बूट होणे म्हणतात. (मंत्रिमंडळ बदलल्यावर दिल्लीत पहिले दोन महिने याच पद्धतीने काम चालते.) मध्यम यंत्र कनिष्ठाला सांगते, मुख्य यंत्र मध्यमाला सांगते. आणि मुख्य यंत्राला कोणी सांगावे लागत नाही, कारण त्याच्या पोटात एक डिस्क असते आणि तिच्यात सगळ्यांचे सगळे लिहिलेले असते.

घोटाळा त्या डिस्कपाशी झाला. घोटाळा हा शब्द दत्तात्रयाचा. कार्यालयीन शब्द ‘सुधारणा’ असा आहे.

संस्थेचे संचालक डॉ. भल्ला हे वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर होते आणि धुक्याशी त्यांचा संबंध धुक्याने करपणाऱ्या पालेभाजीपुरता आला होता. पण प्रशासनाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. दिल्लीत माणसाचा हुद्दा त्याच्या आणि त्याच्या बॅगेच्या मधल्या अंतरावरून मोजतात, हे ते जाणून होते. उपसंचालक आपली बॅग आपण उचलतो. सहसंचालकाची बॅग घेऊन शिपाई एक पाऊल मागे चालतो. संचालकाची बॅग आधीच्या लिफ्टने वर जाते आणि संचालक पुढच्या लिफ्टने येतात. सचिवांची बॅग आजवर कोणी पाहिलेली नाही. अशा माणसाला विक्रेत्याने रंगीत तक्ता दाखवला, आणि त्यात सर्वांत वरच्या यंत्राच्या अंगावर डिस्क, तर खालची सगळी यंत्रे मोकळ्या हाताने उभी. डॉ. भल्लांचा चेहरा उतरला.

“सबनीस, ये क्या तमाशा है? सबसे सीनियर मशीन सामान उठाए, और जूनियर हाथ हिलाते आएँ?”

दत्तात्रयाने सांगून पाहिले की ते सामान नव्हे, ती स्मरणशक्ती आहे. डॉ. भल्ला म्हणाले की मोठ्या माणसाला स्वतः लक्षात ठेवायची पाळी येत असेल तर स्टाफ कशासाठी ठेवायचा? ते स्वतः गेली नऊ वर्षे याच तत्त्वावर संस्था चालवत होते आणि संस्था चालली होती.

तेव्हा आदेश निघाला. (एक) मुख्य यंत्राच्या अंगावर कोणत्याही प्रकारचे ओझे असू नये. (दोन) सदर डिस्क सर्वांत कनिष्ठ यंत्राकडे वाहून नेण्यासाठी सोपवावी. (तीन) मुख्य यंत्रास तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली, गालिचा व वातानुकूलन द्यावे. (चार) उर्वरित यंत्रांनी उकाड्याबाबत तक्रार करू नये.

सर्वांत कनिष्ठ कोण, हा नाजूक प्रश्न होता. प्रशासन अधिकारी मीनाक्षी सूद मॅडम यांनी तो कौशल्याने सोडवला. त्यांनी कनिष्ठ यंत्रांची ज्येष्ठता-यादी तयार केली, ती यंत्रांच्या खोलीत सूचनाफलकावर लावली आणि हरकतींसाठी पंधरा दिवस दिले. विहित मुदतीत एकाही यंत्राने हरकत घेतली नाही. यादीत शेवटचे आलेले चौसष्टावे यंत्र कोपऱ्यात, वरच्या मजल्यावरच्या एसीचे पाणी ठिबकत असे तिथे होते. त्याच्या पोटात डिस्क बसवण्यात आली.

समूहाला वीज दिली. दिवे लुकलुकले, पंखे घुमले आणि पुढे काहीच झाले नाही.

दत्तात्रय मनापासून काम करणारा माणूस. त्याने केबली तपासल्या, जोडण्या काढून पुन्हा लावल्या आणि शेवटी जमिनीवर बसकण मारून, लॅपटॉप जोडून, तारेतून कोण काय बोलते आहे ते ऐकू लागला. त्रेसष्ट कनिष्ठ यंत्रे आपापल्या मध्यम यंत्राला विचारत होती, मी कोण. आठ मध्यम यंत्रे तिसऱ्या मजल्याकडे तोंड करून विचारत होती, मी कोण. आणि तिसऱ्या मजल्यावर, गालिच्यावर, थंड हवेत बसलेले मुख्य यंत्रही भिंतीकडे पाहून तेच विचारत होते. सगळ्या समूहात फक्त चौसष्टाव्या यंत्राला सगळे माहीत होते, आणि ते गप्प होते, कारण त्याला कोणी विचारले नव्हते. बैठकांना बसून बसून दत्तात्रयाला हे दृश्य इतके ओळखीचे झाले होते, की यात बिघाड आहे हे कळायलाच त्याला निम्मा दिवस लागला.

इलाज सोपा होता. चौसष्टाव्या यंत्रात दोन ओळी लिहायच्या, की मुख्य यंत्राने हाक मारली तर तू उत्तर दे. मुख्य जागे झाले की मध्यम जागी होतील, मध्यम जागी झाली की कनिष्ठ. दत्तात्रयाने तशी टिप्पणी वर पाठवली, कुकरची शिट्टी होऊ दिली आणि वृंदाला फोन करून सांगितले की आठवड्याभरात येतो.

ती टिप्पणी मीनाक्षी मॅडमनी दोनदा वाचली. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी दत्तात्रयाला चहा पाजला आणि समजावले. कनिष्ठाने वरिष्ठाला ‘आपण कोण आहात’ हे सांगणे कोणत्याच सेवानियमात बसत नव्हते. सांगायचेच असेल तर चौसष्टाव्या यंत्राने ते योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या मध्यम यंत्रामार्फत सांगावे. दत्तात्रय म्हणाला की मध्यम यंत्र मुख्य यंत्र उठल्याशिवाय उठणार नाही. मॅडम म्हणाल्या, “तो वेट करेगा ना. सब करते हैं.”

वाट पाहता पाहता या विषयावर एक समिती नेमली गेली. समितीने सर्व बाजूंनी विचार केला. चौसष्टाव्या यंत्राला मुख्य पदाचा तात्पुरता कार्यभार द्यावा, अशी सूचना आली; पण कार्यभार द्यायचा तर गालिचाही द्यावा लागणार होता. मुख्य यंत्राला न उठवता नुसते उठले असे समजावे, ही सूचना बहुतेकांना पसंत पडली, परंतु ती धोरणात्मक ठरवून पुढे ढकलण्यात आली. मुख्य यंत्राला स्वेच्छानिवृत्ती देण्याबाबत एका सदस्याने टिपण केले होते. ते सदस्य स्वतः लवकरच निवृत्त झाले. अखेर परदेशात असे समूह कसे सुरू होतात ते पाहण्यासाठी समिती सिंगापूरला जाऊन आली. तिथला समूह आधीपासूनच चालू असल्यामुळे तो सुरू कसा होतो ते पाहता आले नाही, असे अहवालात खेदाने नमूद आहे. (खरेदीचे फोटो अहवालाला जोडलेले नाहीत.)

असा दुसरा हिवाळा आला. तनयाच्या शाळेचे स्नेहसंमेलन होऊन गेले. तिच्या नाटकाची सीडी वृंदाने कुरियरने पाठवली. ती पाहताना शेवटी मुलगी काय म्हणाली ते दत्तात्रयाला दोनदा मागे नेऊन ऐकावे लागले, कारण तिने वापरलेला शब्द त्याला पटकन आठवेना. त्या दिवशी त्याने ठरवले.

शनिवार होता, सुट्टीचा. दुपारी तो गुडगावला गेला, कोपऱ्यातल्या यंत्रापाशी बसला आणि दोन ओळी लिहिल्या.

वर तिसऱ्या मजल्यावर मुख्य यंत्राने विचारले, मी कोण. खालच्या कोपऱ्यातून चौसष्टाव्या यंत्राने सांगितले, आपण मुख्य. मुख्य उठले. त्याने मध्यमांना उठवले, मध्यमांनी कनिष्ठांना उठवले, आणि पाहता पाहता सगळा समूह घोंघावत कामाला लागला. दत्तात्रयाच्या अंगावर काटा आला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. (लग्नात पंगतीचे बघायचे काम त्याच्याकडे होते.) संध्याकाळपर्यंत समूहाने पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधून दिला: पाच दिवस आकाश निरभ्र, शुक्रवारी पहाटेपासून पालम परिसरात अतिदाट धुके, दृश्यमानता जवळजवळ शून्य, दिवसभर टिकण्याची शक्यता. दत्तात्रयाने तो छापून डॉ. भल्लांच्या टेबलावर ठेवला आणि घरी जाऊन गाद्यांच्या दोऱ्या पुन्हा आवळल्या.

सोमवारी त्याला बोलावणे आले. डॉ. भल्ला टेबलावरच्या कागदाकडे हात न लावता पाहत होते. समूह परवानगीशिवाय सुरू झाला होता. मान्यवर नव्हते, नारळ नव्हता, फोटो नव्हता, आणि मुख्य म्हणजे ज्येष्ठतेचा भंग झाला होता. समूह ताबडतोब बंद करण्यात आला. दत्तात्रय धीर करून म्हणाला की काही असो, समूह कार्यान्वित झाला, तेव्हा आदेशानुसार मला पुण्याला सोडावे.

यावर मीनाक्षी मॅडमनी जे सांगितले ते प्रशासनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावे. समूह नियमबाह्य रीतीने सुरू झाला, म्हणून तो सुरू झाला असे धरता येत नाही, सबब बदली देता येत नाही. मात्र तो सुरू केल्याबद्दल कारवाई करता येते, कारण त्याने तो सुरू केलेला आहे.

डॉ. भल्लांना दत्तात्रयाची दया आली. माणूस तसा दिलदार होता. त्यांनी तोडगा काढला. बुधवारी मंत्रिमहोदय तसेही शेजारच्या मॉलमध्ये फीत कापायला येणार होते, त्यांना दहा मिनिटे इकडे आणता येईल. दत्तात्रयाने एवढेच लिहून द्यायचे की शनिवारी समूह सुरू झालेला नव्हता, आणि बुधवारी मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते तो यशस्वीपणे सुरू झाला. मग बदली पक्की. गुरुवारी संध्याकाळी कार्यमुक्त, शुक्रवारी कार्यालयीन वेळेत पुण्यात रुजू. शुक्रवारी रुजू न झाल्यास आदेश आपोआप रद्द.

“पण सर, बुधवारी तो सुरू होईल ना? दोन ओळी परत लिहाव्या लागतील.”

“लाइनें नहीं लिखनी. साइन करना है.”

दत्तात्रयाने सही केली. त्याला लाज वाटली, हे सांगितले पाहिजे; पण सही करताना त्याच्या डोळ्यांपुढे पुणे स्टेशन होते आणि तिथे उभी असलेली तनया होती. सहीला एक क्षण लागला. असे क्षण आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत, त्यामुळे त्याचे फार वर्णन करत नाही.

बुधवारी कार्यक्रम देखणा झाला. लाजपतराय मार्केटमधून आणलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा यंत्रांमागे सोडल्या होत्या. मंत्रिमहोदयांनी बटण दाबताच त्या लुकलुकू लागल्या आणि टाळ्या पडल्या. समूह अर्थातच बंद होता. मंत्रिमहोदयांनी विचारले की हे यंत्र हवेबद्दल काय म्हणते. डॉ. भल्लांनी एका यंत्राच्या काळ्या पडद्याकडे आदराने पाहिले आणि सांगितले, “सर, तीन दिन बिल्कुल क्लियर.” मंत्री खूश झाले. पुढचे दोन दिवस सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तेच होते: महासंगणकाचा पहिला अंदाज, राजधानीत आकाश निरभ्र.

आता दत्तात्रयापाशी बुधवार संध्याकाळच्या गाडीचे आरक्षण होते. ती गुरुवारी रात्री पुण्याला पोचली असती आणि शुक्रवारी सकाळी तो पहिल्या ठोक्याला रुजू झाला असता. धुके येणार हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने हे तिकीट काढून ठेवले होते. त्यासाठी एक दिवस आधी सुटायला हवे होते. बुधवारी कार्यक्रम संपताच त्याने तसा अर्ज केला. मीनाक्षी मॅडमनी कारण विचारले.

“शुक्रवारी धुके आहे, मॅडम. विमाने उडणार नाहीत.”

“कौन सी धुंध? किसने बोला?”

कोणी बोलले म्हणून दत्तात्रय सांगणार? ज्या यंत्राने शनिवारी धुके सांगितले ते शनिवारी सुरूच झाले नव्हते, असे त्याच्याच सहीने लिहिलेले होते आणि सहीची शाई अजून ताजी होती. सुरू न झालेल्या यंत्राने न केलेल्या अंदाजातले धुके घेऊन अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या चौकशीला आपणहून आमंत्रण. त्याने अर्ज मागे घेतला, गाडीचे तिकीट परत केले आणि गुरुवार संध्याकाळनंतरचे पहिलेच, नव्या खाजगी कंपनीचे शुक्रवार सकाळचे विमान घेतले.

गुरुवारी वृंदा फोनवर म्हणाली, “अरे, जानेवारीत सकाळचं विमान कोण घेतं? धुकं असलं तर?”

“नसणार. पेपरात आलंय.”

“पेपरात येतो तो अंदाज तुमच्याच ऑफिसातून जातो ना?”

त्याने विषय बदलला. पण रात्री सामान बांधताना त्याच्या मनात एक विलक्षण गोष्ट घडू लागली. त्याला वाटू लागले की कदाचित शनिवारी समूह खरोखरच सुरू झाला नसेल. आपल्याला भास झाला असेल. संचालक, मंत्री आणि सहा वर्तमानपत्रे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एसीचे पाणी ठिबकत असलेले चौसष्टावे यंत्र. शहाण्या माणसाने कोणावर विश्वास ठेवावा? सही ही एकदा केली की आतपर्यंत मुरते. झोपताना त्याची खात्री पटली होती की उद्या लख्ख ऊन पडणार.

शुक्रवारी पहाटे टॅक्सीवाल्याने अर्धे डोके खिडकीबाहेर काढून, रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पाहत पाहत त्याला कसेबसे विमानतळावर पोचवले. द्वारकेहून एरवी एवढासा रस्ता. लाउंजच्या मोठ्या काचांपलीकडे काही नव्हते. विमान नव्हते, धावपट्टी नव्हती, जमीनही नव्हती. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखे सगळे सरळ पांढरे होते.

आत दोनेकशे प्रवासी बसले होते. चांगले शिकलेले, सुटाबुटातले, नव्या जमान्यातले लोक. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र होते. ते पहिले पान वाचत, काचेकडे पाहत आणि परत पहिले पान वाचत. दत्तात्रयाशेजारी कोथरूडचे एक गृहस्थ होते, कसल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर. ते म्हणाले, “आकाश निरभ्र आहे. महासंगणकाने सांगितलंय. ही काचच घाण आहे.”

हे सगळ्यांना पटले. तक्रार झाली आणि सफाई कर्मचाऱ्याने काच आतून पुसली. फरक पडला नाही, तेव्हा बाहेरूनही पुसण्याची मागणी झाली. तो बादली घेऊन दारातून बाहेर गेला आणि दोन पावलांवर दिसेनासा झाला. बराच वेळ तो परत आला नाही. आजकाल कोणी मन लावून काम करत नाही, यावर लाउंजमध्ये एकमत झाले.

मग कोथरूडच्या गृहस्थांचे लक्ष दत्तात्रयाच्या पिशवीकडे गेले. उद्घाटनात वाटलेली पिशवी, तिच्यावर संस्थेचे नाव. त्यांना फार आनंद झाला. “अहो, तुम्ही तिथलेच की. मग तुम्हीच सांगा ना. हे धुकं आहे का?”

आजूबाजूचे लोक माना वळवून पाहू लागले. दत्तात्रयाने काचेकडे पाहिले. त्याला सांगायचे होते. खोटे बोलण्याचा त्याला मनापासून कंटाळा आला होता, आणि पुण्यात सहा वाजता कार्यालय बंद होणार होते. पण सही होती, चौकशी होती, आणि ही माणसे तर पेपर घेऊन बसलेली होती. तो म्हणाला, “पेपरातलं बरोबर आहे.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा मागवला. घोषणा करणाऱ्या बाईही मग दर तासाला, आकाश निरभ्र असल्यामुळे विमान लवकरच सुटेल, असे हसऱ्या आवाजात सांगत राहिल्या.

दुपारी तनयाचा फोन आला. ती शाळा बुडवून आईबरोबर पुण्याच्या विमानतळावर येऊन उभी होती. “बाबा, इथे बोर्डावर लिहिलंय विमान वेळेवर आहे. तू कधी पोचतोस?”

“निघतोच आहे,” तो म्हणाला.

“आम्ही थांबतो मग,” ती म्हणाली, आणि थांबली. वृंदा तिला संध्याकाळी ओढत घरी घेऊन गेली. सहा वाजले तेव्हा दत्तात्रय त्याच खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. आदेश आपोआप रद्द झाला. संस्थेच्या इतिहासात आपोआप झालेले हे पहिलेच काम.

सोमवारी तो गुडगावला हजर झाला. डॉ. भल्लांनी त्याचे मनापासून स्वागत केले, अनुभवी माणूस गेला असता तर संस्थेचे नुकसान झाले असते असे म्हणाले, आणि शुक्रवारच्या अंदाजाबद्दल एकही तक्रार आली नसल्याचे त्याला अभिमानाने सांगितले. ते खरे होते. विमान कंपनीकडे पुष्कळ तक्रारी आल्या होत्या, टॅक्सीवाल्यांना शिव्या पडल्या होत्या आणि काचेबद्दल विमानतळाला पत्र गेले होते. अंदाजावर मात्र कोणी बोट ठेवले नाही. त्या वर्षी अचूकता नव्व्याण्णव टक्के नोंदली गेली. (उरलेला टक्का नम्रतेपोटी सोडला आहे.)

त्या लाउंजमधल्या दोनशे शहाण्यासुरत्या माणसांना वाचक आता हसत असतील. जरूर हसावे. फक्त आज सकाळी घराबाहेर पडताना छत्री घ्यावी की नाही, हे ठरवायला आपण खिडकीबाहेर पाहिले होते की मोबाईलमध्ये, एवढे आधी आठवून पाहावे.